अँटवर्पमधील तीन दिवस

सासरी नांदणारी बहीण आणि पेढी सांभाळणारा भाऊ यांना एकमेकांसाठी निवांत वेळ मिळणे व्यापारी घरांत दुर्मिळच. भेट होते ती लग्नकार्यात, नाही तर दुःखाच्या प्रसंगी. आणि तेथे मनातले बोलणे राहूनच जाते. सांगलीतील हळदीच्या एका जुन्या अडत पेढीच्या घरातील दोघा भावंडांना असा वेळ लाभला तो परमुलखात, बेल्जियममधील अँटवर्प शहरी. भाऊ ऑक्टोबरात पॅरिसच्या व्यापारी प्रदर्शनास निघाला, तेव्हा साठीला आलेली थोरली बहीणही सोबत आली. प्रदर्शन आटोपल्यावर तीन दिवस हाताशी उरले.

दोघांच्याही मनावर एक ओझे होते. वर्षापूर्वी वडील वारले. पेढीची जागा आणि गोदाम यांवर बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यावे, असे घरात सर्वांनी गृहीतच धरले होते. कागद तयार होता. सही झाली नव्हती. त्याविषयी दोघांपैकी कोणी अक्षर काढीत नव्हते.

पहिला दिवस शहर पाहण्यात गेला. 1905 साली बांधून झालेल्या रेल्वेस्थानकाचा भव्य घुमट, त्याला लागूनच हिऱ्यांच्या व्यापाराच्या गल्ल्या, आणि तेथे कानी पडणारी पालनपूरकडची गुजराती! उपनगरातील विल्राइकच्या संगमरवरी जिनमंदिरात दर्शन झाले. बटाट्याचे तळलेले काप या देशाची ओळख. कंदमूळ वर्ज्य असलेल्या या दोघांनी मात्र घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर भागविले.

दुसऱ्या दिवशी ती प्लांतँ-मोरेटस संग्रहालयात गेली. क्रिस्तोफ प्लांतँ याने 1555 मध्ये सुरू केलेला हा छापखाना पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याकडे राहिला आणि 1876 मध्ये शहरास विकला गेला. जगातील सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे येथे आहेत. पेढीच्या हिशेबवह्याही जपून ठेवल्या आहेत. प्लांतँच्या मुली लहानपणापासून मुद्रिते वाचण्याच्या कामी लागत. वारसा चालविण्यास मुलगा नव्हता. 1589 मध्ये तो वारल्यावर छापखाना आला तो मार्टिना ही मुलगी आणि तिचा पती यान मोरेटस यांच्याकडे. पुढच्या पिढ्या त्यांच्याच.

हिशेबवह्यांपाशी बहीण बराच वेळ उभी राहिली. "बाळ, अप्पा आजारी होते ती दोन वर्षे आठवतात? तू शाळेत होतास. रोजमेळ मी लिहीत होते. दिवाळीला ताळा जुळेपर्यंत अप्पा जेवत नसत."

भावाला ते आठवत होते. पण त्या वह्यांतील अक्षर कोणाचे, हा विचार त्याने कधी केला नव्हता.

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून दोघे शेल्ड नदीच्या काठी बसली. विषय शेवटी भावानेच काढला. "अक्का, तो कागद तुला नको आहे का?"

"मला गोदाम नको, पैसाही नको. पण माझा या पेढीशी संबंध नाही, असे माझ्याच सहीने लिहून द्यायचे, ते हाताला होत नाही. शिवाय मला कोणी विचारलेच नाही. कागदच पुढे आला."

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तो कागद बाजूला ठेवू. तुझ्या मनात काय आहे ते सांग. तसा नवा करू."

तिसरा दिवस त्या बोलण्यातच गेला. दिवाळीनंतर नवा दस्त झाला. गोदामावरील हक्क बहिणीने स्वखुशीने सोडला. पेढीच्या जागेत आपले नाव राखले. भावाच्या मुलाने माळ्यावरून त्या दोन वर्षांच्या वह्या शोधून काढल्या. त्या आता गादीजवळच्या कपाटात आहेत.

2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. हा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. हक्क सोडणे हा बहिणीच्या मनाचा मोठेपणा खरा. पण सोडण्यापूर्वी तो तिचा होता, हे घराने मानले तरच त्या सोडण्याला अर्थ राहतो. पुष्कळ घरांत माया आटत नाही, विचारपूस आटते. सहीसाठी कागद पुढे करण्याआधी बहिणीजवळ घटकाभर बसावे. त्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही.