स्टेअरिंगची थरथर

२६ जुलै
बोलेरोला चारही मड टायर बसवले. परभणीहून येताना घूं घूं. मोठ्या गोट्यांचे टायर, आवाज असणारच. संध्याकाळी पाणंदीतून वस्तीवर गेलो. चिखल चाकाच्या निम्म्यापर्यंत, तरी गाडी कुठे रुतली नाही. आबा खूश.

२८ जुलै
बोरीच्या पुढे सरळ रस्त्याला, सत्तर ओलांडली की स्टेअरिंग थरथरतं. साठला काही नाही. नव्वदीकडे पुन्हा कमी.

३० जुलै
गॅरेजवाला म्हणाला, "सर, टाय रॉड एंड गेलेत. दोन्ही बाजूंचे टाका." हात लावून पाहिलंही नाही. आधी चाकं बघू म्हणालो. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करून घेतलं. यंत्रावर चारही चाकं शून्य. येताना ऐंशीला थरथर आहेच.

३ ऑगस्ट
काल दिवसभर चिखलातून ये-जा. रात्रीतून वाळला. आज चाळीसलाच हात हलायला लागले. आई मागच्या सीटवरून, "हळू रे, हळू." याहून हळू काय चालवू?

४ ऑगस्ट
पुढचं डावं चाक खोललं. रिमच्या आतल्या खोबणीत एकाच बाजूला काळ्या मातीचं ढेकूळ, वाळून दगड झालेलं. पाण्यानं हललं नाही. खुरप्यानं काढलं. बाहेरून रिम लख्ख होती, म्हणून दिसलंच नाही. किराणा दुकानात वजन केलं. सव्वादोनशे ग्रॅम.

५ ऑगस्ट
आठवीच्या वर्गात हेच गणित घेतलं. ऐंशीच्या वेगाला आमचं चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेतं. रिमच्या कडेला एका बाजूला ५० ग्रॅम जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्यात चार किलोच्या आसपास ओढ बसते. वेग दुप्पट, ओढ चौपट. मातीच्या ढेकळाला तेवढी ओढ द्यायला चाळीसच पुरे. पोरांनी वहीत गाडी काढली, चाकाला ढेकूळ काढलं.

६ ऑगस्ट
चारही चाकं आतून धुतली. चाळीसची थरथर गेली. सत्तर ते पंच्याऐंशीची आहे तिथेच. म्हणजे दुखणी दोन.

९ ऑगस्ट
राखी. ताईला जिंतूरला सोडलं. येताना रस्ता मोकळा. ऐंशीला ब्रेक हलका दाबला, थरथर वाढली नाही. डिस्कचा दोष दिसत नाही. न्यूट्रल करून गाडी वाहू दिली, थरथर तशीच. इंजिन सुटलं.

१० ऑगस्ट
पुढचं एकेक चाक जॅकवर. वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगला खेळ नाही. डावी-उजवीकडे हलवलं, तिथंही नाही. आबांनी हात लावून पाहिलं. "घट्ट आहे." टाय रॉड एंड बरे आहेत. वस्तीवर कुणाला हाच सल्ला मिळाला असता तर त्यानं उसनवारी करून पैसे भरले असते. याचा राग येतो.

१३ ऑगस्ट
पुढची चाकं मागं, मागची पुढं. ऐंशीला स्टेअरिंग शांत! सीट मात्र खालून थरथरते. दोष चाकाबरोबर मागं गेला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून आलो. मागचं एकेक चाक जॅकवर घेतलं, स्टुलावर खडू टेकवला, चाक हातानं फिरवलं. उजव्याला सगळ्या गोट्यांवर सारखी पांढरी रेघ. डाव्याला थोड्याच गोट्यांना खडू लागतो, समोरच्या बाजूला जाड पुठ्ठा जाईल एवढी फट.

चाक गोल फिरत नाही. यंत्र वजन सांगतं, गोलाई नाही. शून्य दाखवूनही थरथर का, ते आता कळतंय.

मग रिमलगत पाहिलं. टायरवर तिथं एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारखी दिसायला हवी. एका भागात ती रिमच्या आत गडप. टायरची कड नीट बसलेलीच नाही.

१६ ऑगस्ट
दुकानात रेघ दाखवली. पोरगा हुशार. पूर्ण हवा सोडली, कड सुटी केली, रिमची बैठक घासली, साबणाचं पाणी लावलं, पुन्हा हवा भरली. फट्‌ करून कड बसली. रेघ सारखी. परत बॅलन्सिंग. झरीच्या अलीकडे ऐंशी. काही नाही. पंच्याऐंशी. काही नाही.

२१ ऑगस्ट
खांदमळणी. उद्या पोळा. पाऊस थांबत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "गाडी रात्रीची निघंल ना?" सुनेचे दिवस भरत आलेत. अँब्युलन्स पक्क्या रस्त्यापर्यंतच येते, पुढची पाणंद आमचीच. म्हणून तर हे टायर घेतले. निघेल म्हणालो.

२४ ऑगस्ट
चिखलातून आलो की आधी खोबणीत पाणी मारायचं, वाळायच्या आत. आबांनी त्यासाठी मोटारीचा पाइप अंगणापर्यंत ओढला.

३१ ऑगस्ट
महालक्ष्म्या बसल्या. रात्री अकराला काकूंची हाक. पाणंदीत पहिला गिअर, सुनेचं डोकं काकूंच्या मांडीवर. डांबरीवर आलो तर जड चिखल चाकात, पन्नासच्या वर जाता येईना. बोरीत पंपावर थांबून चारही चाकांत पाइप धरला. पाच मिनिटं गेली. काकू ओरडल्या. पुढे सत्तर-ऐंशीनं परभणी.

१ सप्टेंबर
पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या.

चाकांचे नट पुन्हा आवळायचे आहेत. पाना वस्तीवर राहिलाय.