साखरेला ‘झोक्कोर’ म्हणणारं बेट

देवाला ‘अल्ला’ म्हणणारे पक्के कॅथलिक युरोपात राहतात, असं कुणी सांगितलं तर? थाप वाटेल ना? मग रविवारी सकाळी माल्टातल्या कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बसा. समोर क्रूस, वर रंगवलेलं छत आणि प्रार्थनेत चक्क ‘अल्ला’! ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसांना तिथे ‘रांदान’ म्हणतात. हो, रमजानवरूनच.

सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रात हा चिमुकला देश आहे. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या साधारण निम्मं. निळं पाणी, मधाच्या रंगाच्या दगडी इमारती आणि भरपूर फोटो, एवढाच माझा प्लॅन होता. पण मला धरून ठेवलं ते तिथल्या भाषेनं.

त्या भाषेतच बेटाचा अख्खा इतिहास आहे. सन ८७० मध्ये इथे अरब आले, १०९१ मध्ये नॉर्मन. मग सिसिली आणि स्पेनचे राजे, १५३० पासून सेंट जॉनचे नाइट्स, १७९८ मध्ये नेपोलियन आणि त्याला घालवून १८०० मध्ये ब्रिटिश. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला. प्रत्येक पाहुणा सामानसुमान घेऊन आला आणि जाताना थोडे शब्द मागे विसरून गेला. त्यामुळे माल्टीज भाषेचा सांगाडा अरबी, जवळपास निम्मे शब्द इटालियन-सिसिलियन, वरून इंग्लिशची फोडणी आणि लिपी रोमन!

म्दिना या जुन्या राजधानीच्या नावाचा अर्थच ‘शहर’. उंच भिंती, वळणावळणाच्या अरुंद गल्ल्या, गाड्या जवळजवळ नाहीतच. तटबंदीबाहेर लागूनच रबात. तिथल्या एका छोट्या दुकानात मी ‘पास्तिझी’ खाल्ली. खारीच्या पदरांची करंजी समजा, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. सोबत काचेच्या ग्लासात दुधाचा चहा. एकदम आपल्या टपरीचा फील! चहात किती ‘झोक्कोर’, असं दुकानवाल्या मावशींनी विचारलं आणि मी उडालेच. आपली संस्कृत ‘शर्करा’ फारसीत गेली, तिथून अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि इथे ‘झोक्कोर’ म्हणून भेटली. संत्र्याला ते ‘लारिंच’ म्हणतात, तेही आपलं नारिंगच. पुस्तक म्हणजे ‘क्तीब’, जग म्हणजे ‘दिन्या’, वर्ष म्हणजे ‘सेना’. किताब, दुनिया, सन... दोन टोकांच्या किनाऱ्यांवर एकाच पेठेतला माल पोचलेला.

पण पुढची गंमत जरा टोचणारी होती. मावशी शेजारच्या गिऱ्हाइकाशी घडाघडा माल्टीज बोलत होत्या आणि पैसे मात्र इंग्लिशमध्ये मोजत होत्या. गेस्ट हाउसच्या मालकिणीला विचारलं, तर ती म्हणाली, “आम्ही गणित इंग्लिशमध्ये शिकतो ना! फोन नंबर तर माल्टीजमध्ये कुणी सांगतच नाही.” माझी सात वर्षांची भाची ‘एकोणसत्तर’ म्हटलं की “म्हणजे सिक्स्टी नाइन ना?” विचारते, ते आठवलं.

ती पुढे म्हणाली, “बाहेरच्या शब्दांची भीती नाही गं वाटत. त्यांना आम्ही आमचे करून टाकतो.” हे अगदी खरंय. इंग्लिश केटलचं त्यांनी ‘किटला’ केलं आणि अनेकवचन थेट अरबी वळणाचं, ‘क्तीली’. आपण नाही का बॅगच्या बॅगा केल्या! “पण माझा मुलगा शाळेतून आला की माझ्याशी पूर्ण वाक्यच इंग्लिशमध्ये बोलतो. त्याचं काय करू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही तेच चाललंय, एवढंच सांगितलं.

ही भाषा इथवर आली तीच मुळात भांडून. शतकानुशतकं कोर्टाची आणि बड्या घरांची भाषा होती इटालियन. माल्टीज म्हणजे स्वयंपाकघरातली, बंदरावरची. १९३४ मध्ये इंग्लिशच्या जोडीनं ती अधिकृत झाली आणि २००४ मध्ये युरोपियन युनियनची अधिकृत भाषा. अरबी-हिब्रूच्या कुळातली युनियनमधली ती एकमेव. पाच लाखांच्या आसपास वस्तीचा देश, पण युनियनचे कायदे त्यांच्या भाषेत छापले जातात. आपण २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींवर आहोत आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळालाय. तरी बँकेत, मॉलमध्ये, लिफ्टमध्ये पहिलं वाक्य आपण कुठल्या भाषेत बोलतो?

भाचीशी मी हल्ली फोनवर मराठीतच बोलते. ती मध्येच इंग्लिश शब्द घुसवते, मी घुसवू देते. वाक्य मराठी राहिलं की झालं. आकडे मात्र वदवून घेते. परवा एकोणऐंशीपर्यंत पोचलो!

तुम्हीही जा माल्टाला. शेंगेन व्हिसा लागतो, इंग्लिश सगळीकडे चालतं, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून धावतात. गोझो बेटावर फेरीनं जा. तिथली ज्गान्तियाची दगडी मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडपेक्षाही जुनी आहेत. आणि बसमध्ये बसलात की कृपा करून इअरफोन बॅगेत टाका. मागच्या सीटवरच्या गप्पांत एखादा ओळखीचा शब्द नक्की सापडेल.