टपालाने आलेल्या हिऱ्यापासून शिशाच्या प्रतिकृतीपर्यंत

वॉशिंग्टन

संग्रहालयातली रत्ने आणि खनिजे सांभाळणारा क्युरेटर मुळात खनिजशास्त्रज्ञ असतो, जवाहिऱ्या नव्हे. इथल्या स्मिथसोनियनमध्ये 1991 पासून अनेक वर्षे हे काम पाहिलेले जेफ्री पोस्ट होप हिऱ्यामुळे जगाला ठाऊक झाले. त्यांचा स्वतःचा अभ्यास मात्र मँगेनीजच्या ऑक्साइडांचा, म्हणजे हात काळे करणाऱ्या आणि प्रेक्षक ढुंकूनही पाहणार नाहीत अशा खनिजांचा.

गोवळकोंड्याच्या मुलखातून गेलेला होप हिरा 45.52 कॅरटांचा आहे. तेव्हाचे क्युरेटर जॉर्ज स्विट्झर यांनी न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांचे मन वळवले, आणि 10 नोव्हेंबर 1958 रोजी हिरा इथे पोचला, तोही रजिस्टर पोस्टाने! खर्च 145.29 डॉलर, त्यात टपालहशील अवघे 2.44, बाकी सगळा विमा. टपालाचे शिक्के असलेले ते वेष्टन आता टपाल संग्रहालयात जपून ठेवले आहे.

हिरा आला म्हणजे क्युरेटरचे काम संपले असे नाही. होपचा निळा रंग बोरॉनच्या अंशामुळे येतो. अतिनील प्रकाश पाडून दिवा बंद केला, की हा निळा हिरा अंधारात काही काळ निखाऱ्यासारखा लाल दिसतो. हा उजेड किती आणि किती वेळ टिकतो, हे निळ्या हिऱ्याहिऱ्यात वेगळे असते. त्याची मोजणी करून पोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरे ओळखण्याची एक खूण शोधली.

हिऱ्याची राखण त्या मानाने सोपी, कारण तो विटत नाही. खरी कसोटी इतर नमुन्यांची. लाल मनशीळ उजेडात राहिली तर हळूहळू तिची पिवळी भुकटी होते, म्हणून ती अंधाऱ्या खणात ठेवतात. दमट हवेत काही पायराइट कुजते. त्यातून सुटणारे गंधकाम्ल खालचा खोका आणि सोबतची चिठ्ठीही खाऊन टाकते. आगीचे भय वेगळेच. ज्यांच्या मृत्युपत्रातून ही संस्था उभी राहिली ते जेम्स स्मिथसन स्वतः खनिजांचे अभ्यासक. त्यांचा संग्रह 1865 च्या आगीत गेला.

पॅरिस

नमुन्याइतकीच त्याची चिठ्ठी महत्त्वाची. सापडल्याचे ठिकाण हरवले की देखणा स्फटिकही अभ्यासाच्या दृष्टीने निम्मा मेला. आपल्या वाघोलीच्या दगडखाणीतले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहांत आहे. त्याचे गोंडे बहुधा फिकट स्टिलबाइटवर बसलेले असतात. चिठ्ठी नसली तरी जाणकार त्या बैठकीवरून गाव ओळखतात. पण हे भाग्य थोड्या खनिजांचे.

नोंदीचे हे मोल इथल्या एका शोधातही दिसले. इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात 2007 मध्ये फ्रान्स्वा फार्ज यांना खनिजांच्या साठ्यात शिशाची एक प्रतिकृती मिळाली. ती होती फ्रेंच राजांच्या निळ्या हिऱ्याची. चौदाव्या लुईने 1668 मध्ये ताव्हर्निये या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या दगडातून तो घडवला होता, आणि 1792 मध्ये तो चोरीला गेला. जुन्या नोंदवहीत प्रतिकृतीपुढे लंडनच्या होप यांचे नाव होते. शिशाचे माप घेऊन संगणकावर आकार जुळवला, तेव्हा आजचा होप हिरा त्याच्याच पोटात नेमका बसला. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.