मुसीकाठची मुरमाड वाट

सायकलीवरून मुलूख पाहावयाचा तर नदीसारखी सोबतीण नाही. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात लोक द्राक्षमळ्यांतून असेच हिंडतात. आम्हां हैदराबादकरांची सोबतीण मुसी. विकाराबादनजीकच्या अनंतगिरीच्या डोंगरात, अनंतपद्मनाभस्वामींच्या सान्निध्यात ती उगम पावते.

सुटीच्या पहाटे आम्ही डांबरी सडक सोडून गंडीपेठकडील मुरमाड वाटेस लागतो. चाकांखाली खडे करकरतात, वेग आपोआप मंदावतो आणि मोटारीतून कधी न दिसलेले दिसू लागते. १९०८ साली ह्याच नदीने शहर बुडविले. मग विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. ज्या पाण्याने संहार केला, तेच घरोघरी पिण्यास आले.

जे उरले नाही, तेही ह्या वाटेवर जाणवते. हैदराबादच्या आसपास एके काळी ‘अनाब-ए-शाही’ द्राक्षांचे मांडव होते. मणी टपोरे, लांबट, पिकले की मधाच्या रंगाचे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या जिभेवर ती गोडी अजून आहे. शहर पसरले, जमिनीचे मोल चढले. बहुतेक मांडवांच्या जागी इमारती आल्या. आता त्या तलावांच्या दिशेनेही सरकत आहेत.

कलशपूजेत आपण सात नद्यांना आवाहन करतो. त्यांत मुसीचे नाव नाही. पण ह्या शहराचा कलश अनेक दशके तिनेच भरला. द्राक्षे नाशिक-सांगलीहून तरी येतील. नदी कोठून आणावी?