आजीचे माळवद

मातीच्या घराविषयी आमच्या मनात पूर्वी फारसा आदर नव्हता. सुटीत आजीच्या गावी जावयाचे म्हटले की आम्हा भावंडांची तोंडे वाकडी होत. औरंगपुऱ्यातील आमच्या घराला सिमेंटची गच्ची. गावी मात्र पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर मातीचेच माळवद! पावसाळ्यात ते गळू लागले म्हणजे आम्ही आजीची थट्टा करीत असू. ती थट्टा आठवून आज आमची आम्हांलाच लाज वाटते.

2021 साली दौलताबादजवळ दोन तरुण मैत्रिणींनी स्वतःच एक घर बांधावयास घेतले. दोघींचे शिक्षण चित्रकलेचे. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत वेष्टनांचा कचरा ठासून भरावयाचा व त्या विटांप्रमाणे मातीत रचावयाच्या, अशी त्यांची रीत. त्या घरास सुमारे 16,000 बाटल्या लागल्या. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात मायकेल रेनॉल्ड्स यांनीही 1970 नंतरच्या दशकात टाकाऊ टायर व डबे यांची घरे उभारावयास आरंभ केला. त्या घरांना वीज सूर्यापासून मिळते, पाणी पावसाचे असते. आणि कित्येक हौशी माणसे ती विद्या शिकून आपल्या हातांनी तशी घरे बांधतात.

हे वाचून आम्हांसही स्फुरण चढले. आपण निदान अंगणात एक कट्टा तरी बांधावा, असे ठरले. काठीने कचरा ठासता ठासता तळहातांना फोड आले, तेव्हा कोठे महिन्याभरात चाळीस बाटल्या भरल्या. शेतातील माती आणून कट्टा रचला आणि मोठ्या अभिमानाने शेजाऱ्यांस दाखविला. थोड्याच दिवसांत त्याला भेगा पडल्या, आणि वळवाच्या पहिल्याच सरीत निम्मी माती अंगणात वाहून आली!

आजी आता आमच्याकडेच राहते. तिने ती माती चिमटीत धरून चोळली व म्हणाली, "बाबांनो, ही काळी माती. वाळली की भेगाळणारच. पांढरी आणा, तीत भुसा घाला, आठ दिवस भिजू द्या आणि रोज पायांनी तुडवा."

तिच्या सांगण्याप्रमाणे केले. कट्टा उभा राहिला तो आजतागायत उभा आहे. त्या संध्याकाळी त्याच्यावर बसून आजीने आपल्या घराची हकीकत सांगितली. आजोबांनी व भाऊबंदांनी मिळून ते बांधले होते. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरून ती चोपून बसवावी लागे. शेवटी ती हळूच म्हणाली, "माळवद गळके नव्हते रे. तुमचे आजोबा गेले, मग माती टाकायला वर कोणी चढलेच नाही."

वडील जवळच बसले होते. ते काही बोलले नाहीत. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी गावी निरोप धाडला.

वाचकहो, आपल्या हातांनी घर बांधणे ही थोर गोष्ट खरीच. परंतु ते काम एकदा करून संपत नाही, दर वर्षी पुन्हा हात मातीत घालावे लागतात, हे आम्हांस आजीने शिकविले. यंदा मे महिन्यात आम्ही सर्व गावी जाणार आहोत. माळवदावर माती आम्ही टाकणार. ती कशी चोपावी, हे आजी खाली अंगणात बसून सांगणार आहे.