खरारा

खरारा म्हणजे घोड्याचे अंग घासायचे दातेरी साधन, आणि त्या साधनाने अंग घासण्याचे कामही खराराच. पागेत मोतद्दाराची, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराची, सकाळ याच कामात जाई. लीद काढली, पाणी दाखवले की खरारा, आणि खरारा झाल्यावर दाणा. मोतद्दार हा शब्द आता मागे पडला आहे आणि लोखंडी खराऱ्याच्या जागी बहुधा रबरी आला आहे, पण कामाचा क्रम तोच राहिला आहे. खराऱ्याने धूळ, वाळलेला घाम आणि सुटलेले केस निघतात. कातडीतले तेल केसांवर सारखे पसरते आणि पावसाचे पाणी लगेच आत मुरत नाही. पण त्याहून मोठा फायदा असा की दिवसातून एकदा माणसाचा हात घोड्याच्या अंगावर सगळीकडे फिरतो. काटा, गोचीड, सूज, लागलेले खोगीर या गोष्टी डोळ्याला दिसण्याच्या आधी हाताला लागतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घोड्याचे काम एका तऱ्हेचे नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि पाचगणीच्या टेबललँडवर तो पर्यटकांना फिरवतो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतले धनगर मेंढरे घेऊन चाऱ्यामागे निघतात तेव्हा सारे बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असते: भांडी, घोंगडी, कोंबड्या, कधी लहान मूलही. भीमथडी तट्टू म्हणतात ते मुख्यतः याच कामातले. लहान चणीचे, काटक, थोड्या चाऱ्यावर भागवणारे हे जनावर अलीकडे देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदले गेले आहे. मिरज-सांगलीकडे घोडा गाडीला जुंपून शर्यतीत पळवतात. आणि दर वर्षी आषाढी वारीच्या आधी ज्ञानेश्वर माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, मिरज, सांगली आणि सातारा जिल्हा पायी ओलांडत आळंदीला जातात.

खरारा करायला जाताना घोड्याला काय दिसते हे आधी माहीत असावे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ चहूकडचे त्याला दिसते. दोन जागा मात्र आंधळ्या असतात: कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या थेट मागची. या दोन जागांतून अचानक हात आला की घोडा आधी दचकतो आणि मग पाहतो. पळून जीव वाचवणारे जनावर आहे ते. पळायला वाट नसेल तर लाथ मारते. म्हणून तिरके, डाव्या खांद्याच्या रोखाने जावे, जाताना बोलत राहावे आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवावा. नाकावर थोपटत पुढे होण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती वाईट आहे, कारण नाकापुढचा हात घोड्याला नीट दिसतच नाही. कान मागे चपटे झाले, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, शेपटी फटकारली जाऊ लागली की थांबावे. मागचा एक खूर टोकावर टेकवून, खालचा ओठ सैल सोडून घोडा उभा असेल तर तो विसावलेला असतो. तोच खूर कान मागे पाडून उचलला असेल तर ती धमकी असते.

घोडा बांधायचा तो म्होरकीने. लगामाने बांधू नये, कारण घोड्याने मागे झटका दिला की लोखंड जबड्यात बसते. दोर घोड्याच्या खांद्याच्या उंचीला, पक्क्या खांबाला किंवा झाडाला बांधावा आणि सुमारे दीड-दोन फूटच मोकळा सोडावा. जास्त सोडला तर पाय अडकतो. गाठ अशी हवी की मोकळे टोक ओढताच सुटेल. दोराचे वेढे हातावर घेऊन कोणीही उभे राहू नये. घोडा उधळला तर आधी बोटे जातात. आपल्याकडे आगाडी-पिछाडी लावायची जुनी रीत आहे: पुढे म्होरकीला दोन दोर आणि मागे पायांना एक. छावणीत एका रांगेत अनेक घोडी उभी करायची तर तिचा उपयोग होता. खराऱ्याच्या वेळी मात्र पिछाडी सोडावी. बांधलेला पाय घोडा झटकतो, दोराने खुरावरची कातडी सोलवटते आणि ती जखम लीद-मातीत सतत भिजत राहते. धनुर्वाताचे जंतू नेमके तिथेच असतात आणि घोड्यासारखे धनुर्वाताला लवकर बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर नाही. घोड्याला या रोगाची लस टोचलेली असावी, खरारा करणाऱ्याने स्वतःही घेतलेली असावी.

साधने थोडी लागतात. रबरी खरारा, राठ केसांचा एक ब्रश, मऊ केसांचा एक, आयाळीसाठी कंगवा, खूर कोरायचा आकडा, दोन स्पंज आणि सुती फडके. लोखंडी खरारा असेल तर त्याने ब्रश झाडावा. तो कातडीवर चालवला की ओरखडे पडतात. पायांत बंद बूट हवेत. अनवाणी किंवा चप्पल घालून खरारा करणारे बरेच दिसतात, आणि तट्टू कितीही लहान असले तरी त्याचे दोनशे-अडीचशे किलो वजन एका खुरावर आले की पायाचे हाड टिकत नाही.

सुरुवात डाव्या बाजूने, कानामागून मानेवर. रबरी खरारा लहान-लहान गोल फिरवत मान, खांदा, पाठ, पुठ्ठा असे मागे सरकायचे. रिकामा हात नेहमी घोड्याच्या अंगावर टेकलेला असावा. घोडा हलणार असेल तर आधी स्नायू ताठतो, आणि टेकलेल्या हाताला ते कळते. जिथे हाडावर लगेच कातडी आहे, म्हणजे तोंडावर आणि गुडघ्याखाली, तिथे खरारा चालवू नये, मऊ ब्रशच वापरावा. खराऱ्याने वर आलेली धूळ राठ ब्रशच्या आखूड फटक्यांनी उडवावी आणि शेवटी मऊ ब्रश केसांच्या दिशेने, अंगाचा थोडा भार देऊन, लांब ओढावा. दर चार-पाच हातांनंतर ब्रश झाडला नाही तर तीच धूळ परत अंगावर जाते. चांगला खरारा झालेल्या पाठीवर बोट उलटे फिरवले तर केसांच्या मुळाशी राखाडी कोंडा दिसत नाही. बोटही स्वच्छ राहते.

पोट आणि कूस या जागा नाजूक असतात. माशी बसली की तिथली कातडी घोडा थरथरवतो, तसाच ब्रशनेही शहारतो आणि काही घोडी मागच्या पायाने पुढे लाथ घेतात. अशा वेळी शेपटीकडे तोंड करून, खांदा घोड्याला लावून उभे राहावे आणि ब्रश हलका पण ठाम ठेवावा. फार हलका हात माशीसारखा लागतो. मागून दुसऱ्या बाजूला जायचे असेल तर दोनच वाटा आहेत: पुठ्ठ्यावर हात ठेवून, अंगाला अगदी चिकटून जावे, किंवा दहा फूट लांबून. लाथेचा खरा जोर पाय पूर्ण ताणला जातो तिथे असतो, आणि दोन-तीन हातांवरचा माणूस नेमका त्याच टप्प्यात सापडतो. शेपूट विंचरताना थेट मागे उभे राहू नये. बाजूला राहून शेपूट आपल्याकडे ओढून घ्यावी आणि गुंता टोकाकडून मुळाकडे, बोटांनी सोडवत जावा. माणदेशात शेपटीत कुसळे आणि गोखरू इतके अडकतात की कंगवा घातला तर केस तुटून येतात. घोड्याच्या पायाशी काम करताना कधीही गुडघे टेकू नयेत, जमिनीवर बसू नये. ओणवे राहावे, म्हणजे क्षणात मागे होता येते.

खूर कोरणे हा खराऱ्याचा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात टाळला जाणारा भाग. शेपटीकडे तोंड करून हात खांद्यावरून पायाच्या मागच्या शिरेवर खाली न्यावा, खांद्याने घोड्याचे वजन दुसऱ्या पायावर ढकलावे आणि पाय उचलून धरावा. आकडा टाचेकडून टोकाकडे चालवावा, उलटा नाही. तळव्याच्या मधोमध असलेला मऊ त्रिकोणी भाग टोकू नये. त्याच्या दोन बाजूंच्या खाचांत दगड, माती, बाभळीचा काटा अडकतो. त्या खाचांतून काळा, घाण वासाचा चिकट मळ निघाला तर खूर सडू लागला आहे असे समजावे. काम झाल्यावर पाय सोडून देऊ नये, हाताने जमिनीवर टेकवावा. पाय आपटायला सोडणाऱ्या माणसाला घोडा पुढच्या वेळी पाय देत नाही.

हाताला आणि डोळ्याला काय सापडते ते ठिकाणाप्रमाणे बदलते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत आटपाडीकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. घाटमाथ्यावरच्या ओल्या हवेत पाठीवर बारीक खपल्या येतात आणि खपलीबरोबर केसांचा झुबका ब्रशसारखा उपटून येतो. ओला चिखल घासून काढण्याने हे वाढते. चिखल वाळू द्यावा, मग झाडावा, आणि पाण्याने धुतलेच तर फडक्याने पूर्ण कोरडे करावे. दुष्काळी भागात गोचीड, सराटे आणि जखमा जास्त. ओझे वाहणाऱ्या घोडीच्या मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना रोज तळहात दाबून पाहावे. घोडी पाठ खाली घेते ती जागा उद्या फुटणार असते. काळ्या किंवा तांबड्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते बहुधा जन्माचे नसतात. जुन्या ओझ्याच्या जखमा भरल्यावर तिथे रंगाविना केस उगवलेले असतात. घोडी विकत घेताना दात पाहतात, तसे हे ठिपकेही पाहावेत.

पावसाळ्याअखेर पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर, तिळाहून बारीक दाणे चिकटलेले दिसतात. ती एका माशीची अंडी असतात. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडात जातात आणि पोटात वाढतात. बोथट सुरीच्या धारेने ती खरवडून काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पोटाखाली आणि पायांवर सूज, अधूनमधून ताप आणि दाणा खाऊनही खंगणे ही सर्ऱ्याची लक्षणे असतात. हा रोग चावऱ्या माश्यांनी पसरतो. गजकर्णाचे गोल चट्टे एका ब्रशने साऱ्या तबेल्यात आणि माणसाच्या हातावरही जातात, म्हणून प्रत्येक घोड्याचा ब्रश वेगळा ठेवावा. नाकातून चिकट पू आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर खरारा तिथेच थांबवून पशुवैद्याला बोलवावे. तो ग्लँडर्स हा रोग असू शकतो, तो माणसालाही होतो, आणि २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याप्रमाणे तो कळवणे बंधनकारक आहे. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. जबड्याखालच्या शिरेवर दोन बोटे ठेवून नाडी मोजायला खरारा करणाऱ्या प्रत्येकाने शिकावे.

श्रमानंतर लगेच खरारा करू नये. घामाचा पांढरा फेस जिरेपर्यंत घोडा हळू चालवावा, मग ओल्या स्पंजने खोगिराखालची जागा, मांड्यांमधली जागा आणि तंगाखालची जागा पुसावी. डोळे-नाकाचा स्पंज आणि शेपटीखालचा स्पंज कधी अदलाबदल करू नये. फटाके, बँड किंवा डीजे चालू असताना खूर उचलू नये.

माउलींचे अश्व अंकली ते आळंदी सुमारे तीनशे किलोमीटर चालतात, आणि पालखीबरोबर नीरा ओलांडून पुन्हा सातारा जिल्ह्यात येतात. लोणंद आणि तरडगावच्या दरम्यान चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची धाव, होते. मुक्कामाच्या ठिकाणी अश्वाला हात लावायला माणसे चारी बाजूंनी लोटतात. दर्शन घेणाऱ्यांनी मागून येऊ नये, शेपटीला हात घालू नये, लहान मुलाला पायांजवळ वाकवू नये. सांभाळणाऱ्याला विचारून डाव्या खांद्याकडून यावे, आधी आवाज द्यावा आणि मग मानेवर हात ठेवावा.