पडद्यावरचे युद्ध आणि तात्यांचा खांदा

युद्धाच्या कथा रम्य असतात, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हटले जाते. ज्याने हे प्रथम म्हटले त्याला त्या दुरून ऐकणाऱ्याची रम्यता अभिप्रेत असावी. आमच्या वाट्याला ही रम्यता प्रथम आली ती एका इंग्रजी चित्रपटातून, आणि तिच्यापायी आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक आज सांगावीशी वाटते.

वडिलांच्या नोकरीमुळे आमचे बालपण भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई या गावी गेले. जालना जिल्हा १९८१ साली अस्तित्वात आला. त्यापूर्वी आमचा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्यामुळे काही विशेष पाहायचे म्हटले की औरंगाबादची एस.टी. धरायची, अशी रीत होती. नाताळच्या सुट्टीत एकदा मामांनी आम्हा भावंडांना तेथे नेऊन सकाळच्या खेळाला 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' हा चित्रपट दाखवला. इंग्रजी संवाद आम्हाला फारसे कळले नाहीत. पण कळण्याची गरजही नव्हती. समुद्रातून वर आलेला तो उभा कडा, डोंगराच्या पोटात दडवलेल्या त्या अजस्र तोफा आणि शेवटचा तो स्फोट! गावी परतल्यावर आठ दिवस आमच्या अंगणात बैलगाडीची धुरा ही तोफ झाली होती आणि गोठा हे नॅव्हरोन बेट.

त्याच सुट्टीत आम्ही आजोळी गेलो. आजोळ त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात. तेथे आईचे चुलते राहत. त्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असू. दुसऱ्या महायुद्धात तात्या इटलीला जाऊन आले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. परंतु त्याविषयी फारसे कोणी बोलत नसे. आम्ही मात्र आता जाणकार झालो होतो. संध्याकाळी तात्या ओट्यावर बसलेले असताना आम्ही त्यांना गाठले आणि विचारले, "तात्या, तुम्ही किती जर्मन मारले?"

तात्या म्हणाले, "एक बी नाही रे. मी माणसं वाहिली."

मग त्यांनी सांगितले ते असे: ते पलटणीबरोबरच्या फिरत्या दवाखान्यात डोलीवाले होते. जखमी शिपायाला स्ट्रेचरवर घालायचे आणि चौघांनी खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचा. दिवसा गोळ्या येत, म्हणून हे काम बहुधा रात्री चाले. पाऊस आणि चिखल असा की खेचराचे पाय पोटापर्यंत रुतत. वाहताना पाय घसरला तर वरचा माणूस ओरडे, आणि तो ओरडेनासा झाला तर त्याहून अधिक भीती वाटे.

आम्ही ऐकत होतो. पण आमचे मन त्यात रमत नव्हते. यात कडा होता, पण त्यावर चढणारा नायक नव्हता. तोफा होत्या, पण त्या कोणी उडवल्या नव्हत्या. शेवटी आम्ही म्हणालो, "म्हणजे तुम्ही तिथं हमाल होतात?"

तात्या हसले. "व्हय," म्हणाले, "हमालच." आणि उठून बैलांना वैरण टाकायला गेले. तात्या १९८६ साली वारले. त्या संध्याकाळनंतर आम्ही त्यांना युद्धाविषयी पुन्हा काही विचारले नाही.

पुढे वाचनाची गोडी लागली आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. नॅव्हरोन नावाचे बेटच नाही. ॲलिस्टर मॅक्लीन या कादंबरीकाराने १९५७ साली ते कल्पनेतून उभे केले आणि १९६१ साली ते पडद्यावर आले. कथेची पार्श्वभूमी म्हणून जी मोहीम घेतली आहे, ती ग्रीसजवळच्या बेटांवर १९४३ च्या शरद ऋतूत खरोखरच झाली. पण तीत ब्रिटिशांचा पराभव झाला. लेरॉस हे बेट त्या वर्षी १६ नोव्हेंबरला जर्मनांच्या हाती पडले. आम्ही अंगणात ज्या विजयाचा जल्लोष करीत होतो, तो विजय कधी झालाच नव्हता.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या १९५७ च्या गाजलेल्या चित्रपटाचीही अशीच गोष्ट. सयाम ते ब्रह्मदेश हा रेल्वेमार्ग जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतला, हे खरे. परंतु चित्रपटातला कर्नल शत्रूसाठी उत्तम पूल बांधण्याच्या ईर्षेने पेटतो, तर तेथील खरे अधिकारी कर्नल टूसी काम जमेल तितके रेंगाळत ठेवीत आणि आपली माणसे जगवण्यासाठी झटत. पूल उडाला तोही कमांडोंच्या सुरुंगाने नव्हे, तर १९४५ मध्ये विमानांतून पडलेल्या बॉम्बने. त्या मार्गावर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मरण पावले. आशियाई मजूर मेले ते त्यांच्या कितीतरी पट. मलायातील रबराच्या मळ्यांवरून नेलेले आपले तमिळ मजूर त्यांत मोठ्या संख्येने होते. युद्धकैद्यांच्या कबरी कांचनबुरी येथे ओळीने, नावानिशी आहेत. मजुरांना कबरींची ती ओळ लाभली नाही आणि चित्रपटाच्या कथेतही जागा मिळाली नाही.

हे सारे विचार मनात पुन्हा उसळले ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. आमचा भाचा पुण्याहून आला होता. यंदा दहावीला आहे. रात्री जेवणे झाल्यावर त्याने आग्रहाने 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा १९९८ चा अमेरिकन चित्रपट लावला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा तो पहिला प्रसंग पाहताना घरात कोणी बोलले नाही. त्या सकाळी तेथे असलेल्या अनेक वृद्ध सैनिकांनीही तो प्रसंग खरा वाटतो अशी ग्वाही दिली आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. तीन भाऊ युद्धात गेलेल्या आईचा चौथा मुलगा परत आणण्यासाठी आठ सैनिक निघतात आणि त्यांतले बहुतेक मरतात, अशी ती कथा.

चित्रपट संपल्यावर आम्ही भाच्याला या कथेमागची खरी हकिगत सांगितली. न्यूयॉर्क राज्यात नायलँड नावाचे कुटुंब होते. चार भाऊ सैन्यात. त्यांतला एक ६ जून १९४४ रोजी आणि दुसरा दुसऱ्याच दिवशी नॉर्मंडीत पडला; तिसरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बेपत्ता झाला होता व मेला असे समजले जात होते. चौथा फ्रिट्झ, हा छत्रीधारी सैनिक. त्याला शोधायला कोणतीही तुकडी निघाली नाही. तो स्वतःच भावाचा शोध घेत फिरत होता. त्याला साथ दिली फादर फ्रान्सिस सॅम्पसन या कॅथलिक धर्मगुरूंनी. सैनिकांना जेथे पुरले होते तेथे ते त्याला घेऊन गेले, भावाची कबर सापडली. आणि मग फादरांनी त्याला घरी पाठवण्याची कागदपत्रे हलवली. हेच फादर त्या आधी काही दिवस, जखमींना सोडून जायचे नाही म्हणून त्यांच्यापाशी थांबले आणि जर्मनांच्या हाती सापडले होते. ब्रह्मदेशात हरवलेला भाऊही पुढे जपान्यांच्या तुरुंगातून जिवंत परतला.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, खरी गोष्ट पण चांगलीच आहे की. मग ती का नाही दाखवली?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही बराच वेळ शोधत होतो. अडीच तास प्रेक्षकाला खुर्चीत खिळवायचे तर धर्मगुरूच्या हातातील कागदापेक्षा आठ बंदुका अधिक उपयोगी, हे उघड आहे. अमेरिकन चित्रपट मुद्दाम खोटे बोलतो असे आम्हाला म्हणायचे नाही. गणवेश, शस्त्रे, जहाजे यांच्या बाबतीत तो कमालीचा काटेकोर असतो. फक्त कोणाच्या मागे कॅमेरा न्यायचा, हे तो आधी ठरवून टाकतो. मारणारा आणि मरणारा त्याला दिसतो. वाहून नेणारा, पुरणारा, नाव लिहून ठेवणारा बहुधा दिसत नाही. आम्ही तात्यांना विचारलेला प्रश्नही आम्ही त्याच्याकडूनच शिकलो होतो.

झोपायला जाताना भाचा सहज म्हणाला, "पण मामा, आपल्या इकडं असलं काही झालंच नाही ना कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला घेऊन असईला निघालो.

भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय अवघे चौतीस. हाच पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले; पण नदीच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे पाहून, येथे ये-जा असणारच, असे त्याने ताडले आणि सैन्य पार नेले. हे ऐकताच भाच्याचे डोळे चमकले. "आपलं पिंपळगाव?" आम्ही म्हटले, "नाही रे बाबा. ते नदीकाठचं, आपलं रेणुकाईचं. नाव एक आहे म्हणून लढाई आपली होत नाही."

शेतात कापसाची वेचणी चालली होती. मक्याची कणसे खळ्यावर पडली होती. केळनेला गुडघाभर पाणी होते. नांगरताना तोफेचे गोळे सापडत, असे एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले आणि ते सापडत ती जागाही हाताने दाखवली. पाहण्यासारखे एवढेच. भाच्याने चारी दिशांना पाहिले. चित्रपटातले रणांगण पाहिलेल्या डोळ्यांना येथे काय दिसणार?

तेव्हा बांधावर बसून आम्ही त्याला आकडे सांगितले. त्या एका दुपारी इंग्रजांच्या बाजूचे ४२८ जण ठार आणि ११३८ जखमी झाले. त्यांत स्कॉटलंडचे हायलँडर होते, तसेच मद्रासकडच्या पलटणींचे देशी शिपाईही मोठ्या संख्येने होते. मराठ्यांकडची हानी याहून पुष्कळच मोठी. तिचे फक्त अंदाज आहेत, कारण हरलेल्यांची यादी कोणी केली नाही. दोन्ही बाजूंनी पडलेले बहुतेक लोक याच देशाचे. उद्या कोणी असईवर चित्रपट काढलाच तर तो वेलस्लीच्या घोड्यामागून धावेल, आणि त्या दिवशी त्याच्याखालचे दोन घोडे पडले, तेव्हा दृश्य नक्कीच प्रेक्षणीय होईल.

"आणि ते अकराशे जखमी?" भाच्याने विचारले. "त्यांचं काय झालं?"

हा प्रश्न त्याने आपणहून विचारला, आणि आम्हाला फार बरे वाटले. इंग्रजांच्या जखमींसाठी अजिंठ्याला रुग्णालय उभारले गेले. तेथवर त्यांना डोल्यांतून नेले. त्या डोल्या वाहणारे भोई होते, याच मुलखातून आणि दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. सेनापतीच्या पत्रांत अधिकाऱ्यांची नावे आहेत. भोयांच्या डोल्यांची मोजदाद असते, भोयांची नावे नसतात.

मग तेथेच बांधावर आम्ही त्याला तात्यांची गोष्ट सांगितली. आमचा प्रश्न सांगितला, आणि 'हमाल' हा शब्दही सांगितला. तो लपवून ही गोष्ट सांगता आली नसती.

रात्री भाच्याने आपणहून दुसरा चित्रपट शोधून काढला: 'हॅकसॉ रिज', २०१६ चा. "मामा, यात तुमच्या तात्यांसारखा माणूस आहे," तो म्हणाला. डेस्मंड डॉस हा अमेरिकन शिपाई. धर्मनिष्ठेपायी त्याने बंदूक हाती धरली नाही, आणि १९४५ मध्ये ओकिनावा बेटावरच्या कड्यावरून सुमारे पंचाहत्तर जखमींना एकेक करून दोराने खाली उतरवले. तेथेही चित्रपटाने काटछाट केली आहेच. ग्वाम आणि लेते येथे त्याने आधी केलेली सेवा गाळली आहे. तरीही वाहून नेणारा माणूस पडद्याच्या मध्यभागी आलेला पाहून आमचा जुना आकस निवळला. चित्रपटाला असा माणूस दाखवता येत नाही असे नाही. मात्र एकाला दाखवले की त्याच्यासारख्या हजारोंकडे आपण पुन्हा वळून पाहावे लागते, आणि ते काम घरातल्या मोठ्या माणसांचे आहे.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही मिस्साहून आलो. मिस्सात घ्यावयाच्या नावांच्या चिठ्ठीत भाच्याने स्वतःच्या अक्षरात तात्यांचे पूर्ण नाव लिहिले होते. ते त्याने आपल्या आजीला, म्हणजे आमच्या आईला, फोन करून विचारून घेतले होते. आईने आता ऐंशी ओलांडली आहे. तात्यांच्या घरात वाढलेली ती शेवटची. फोन हातात होताच, म्हणून त्याने तिला आणखी एक प्रश्न विचारला: "आजी, तात्या लढाईहून आले तेव्हा कसे होते गं?"

आई म्हणाली, "मी लहान होते रे बाळा. एवढं आठवतं की ज्वारीचं पोतं ते कधी उजव्या खांद्यावर घेत नसत. डाव्यावर घ्यायचे. आम्ही पोरं उजव्या खांद्यावर बसायला गेलो, तरी हळूच उचलून दुसरीकडं बसवायचे. का, ते आम्ही कधी विचारलंच नाही."

भाच्याने ते वहीत लिहून ठेवले आहे.